घाटावरची भेंडी

"काय ओ वहिनी, आज कोरड्यास काय?"

मागच्या दारातून लोंढ्याचा आवाज आला आणि माझा चहाचा कप हातातच राहिला. मी नुकताच पहिल्या शिफ्टवरून येऊन खुर्चीत टेकलो होतो. कुमुद माझ्यासमोर चिवड्याची बशी ठेवत होती. ती थांबली आणि हसली. माझ्याकडे बघून नाही, मागच्या दाराकडे बघून.

"भेंडीच की! तुमचीच भेंडी!" ती म्हणाली आणि फळीवरचा कडीचा डबा उचलून दारात नेऊन दिला.

"मग काय, झ्याकच!" लोंढ्याच्या चपला वाजत गेल्या आणि पलीकडच्या घराचं दार लागलं.

"काय विचारलं त्यानं?" मी म्हणालो.

"आज भाजी काय, असं."

"मग भाजी म्हणायला तोंड दुखतं का त्याचं? कोरडं काय कोरडं?"

"कोरडं नाही हो, कोरड्यास. कोरड्या भाकरीबरोबर जे लावून खायचं, ते कोरड्यास. भाजी असेल, पिठलं असेल, आमटी असेल."

"आमटी कोरडी कशी असेल?"

"आमच्याकडे असते," असं म्हणून ती परत हसली.

त्या 'आमच्याकडे'त मी नव्हतो आणि लोंढे होता. कुमुद बार्शीची, लोंढे वैरागचा, म्हणजे एका तालुक्याचीच माणसं. मी राजापूरचा. आमच्या पाध्यांच्या घरात घाटावरची सून ही पहिलीच. खोपोलीला कारखान्याच्या वसाहतीत आम्ही बिऱ्हाड थाटलं त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. मी स्टोअरमध्ये कारकून होतो, लोंढे फिटर होता आणि आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक विटेची भिंत होती. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरामागच्या वीतभर जागेत त्यानं भेंडी लावली होती आणि ती मेली अशी काही धरली होती की एका माणसाला संपणं शक्य नव्हतं. म्हणून तो कोवळ्या भेंड्या तोडून कुमुदला आणून द्यायचा. कुमुद त्यातली भाजी डब्यात भरून त्याला द्यायची. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत दोघांनाही पाठ, त्यामुळे डबा धुऊन परत यायचा तो भेंड्या भरूनच. मग त्या भेंड्यांची भाजी, मग परत डबा. हे एकदा सुरू झालं ते थांबायचं नावच घेईना.

आता एवढ्यानं माणसाच्या पोटात दुखायचं कारण नाही. मलाही सुरुवातीला दुखत नव्हतं. पण एक दिवस भिंतीला टेकून वर्तमानपत्र वाचत बसलो होतो आणि पलीकडे लोंढे जेवत होता. भिंत इतकी पातळ की त्यानं भाकरी मोडलेली कळायची. दोन घास झाले असतील आणि त्याच्या तोंडून आवाज आला, "आहाहा!"

एकटा माणूस. घरात दुसरं कुणी नाही. तरी मोठ्यानं म्हणतो, आहाहा.

आता ती भेंडी मीही खाल्लेली होती. दुपारी कँटीनमध्ये माझ्या डब्यात तीच तर होती. तिच्यात आहाहा म्हणण्यासारखं काहीएक नव्हतं हे मला चांगलं ठाऊक होतं. भेंडीच्या पातळ चकत्या, हिंग-हळदीची फोडणी, आमसूल, गूळ, वर ओलं खोबरं. कृती माझ्या आईची, पण आईसारखी एकदाही झालेली नव्हती. कधी तार सुटायची, कधी गूळ जास्त, कधी चकत्यांचा लगदा. मी तसं सांगायचोही. डबा रिकामा करून घरी आलो की पहिलं वाक्य माझं असायचं, "आईची अशी नसते." आई राजापूरहून पत्रातून सूचना धाडायची आणि कुमुद ती पत्रं स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून ठेवायची. 'आमसूल फोडणीवर लगेच घालावे, मागाहून नको, म्हणजे तार सुटत नाही' हे वाक्य आईनं दोनदा अधोरेखित केलेलं मला आठवतं.

तर मी हिशेब मांडला तो असा. भाजीत दम नाही. तरी लोंढे आहाहा म्हणतो. मग तो आहाहा भाजीला नाही म्हणत. कुणाला म्हणतो?

ह्या प्रश्नानं मला धरलं ते सोडलं नाही. मी कान देऊन बसू लागलो. कुमुद त्याच्याशी बोलताना 'की' आणि 'व्हय' आणि 'बगा' असं काय काय बोलायची. माझ्याशी बोलताना मात्र शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध. मागच्या दारात ती खळखळून हसायची. पुढच्या दारात यायची तेव्हा हसणं आवरलेलं असायचं. मी घरी यायच्या सुमारास ती रोज देवापुढे उदबत्ती लावून ठेवी. तेही माझ्या डोळ्यांत यायला लागलं. भरदुपारी साडेतीनला कुठली आली एवढी भक्ती?

"लोंढ्याला तीच भाजी देतेस ना, मला दिलेली?" मी एकदा विचारलं.

"भेंडीच देते," ती म्हणाली आणि उठून पाणी भरायला गेली.

सासूबाई घरात नाहीत, नणंद-जाऊ नाही, राजाराणीचा संसार, असं कारखान्यातले लोक मला चिडवायचे. माझ्या संसारात मात्र मला एक लोंढे दिसायचा. मी भेंडीची फुलं मोजायला लागलो होतो. मागच्या खिडकीतून त्याचा वाफा दिसायचा. पिवळी फुलं, मध्ये गर्द लाल डाग. आज किती फुलं म्हणजे चार दिवसांनी किती भेंड्या, म्हणजे किती डबे, असं माझं गणित चालायचं. त्या दिवसांत स्टोअरच्या रजिस्टरात माझ्या चुका व्हायला लागल्या होत्या.

मग एके दिवशी कँटीनमध्ये लोंढे चहाचा ग्लास घेऊन सरळ माझ्या टेबलाशी येऊन बसला. मी माझा डबा उघडला होता.

"पाध्येसाहेब, तुमी लई नशीबवान," तो चार लोकांदेखत म्हणाला. "वहिनींच्या हातची भेंडी म्हंजे... मी तर भाकऱ्या मोजतच न्हाई. आमच्या आईनंतर अशी भेंडी मला कुणी घातली न्हाई."

टेबलावरचे लोक हसले. "पाध्ये, सांभाळा हो," असं एकजण म्हणालाही. त्या वेळी लोंढ्याची नजर माझ्या डब्यावर गेली आणि तो बोलायचा थांबला.

"हे काय हाय?" त्यानं विचारलं.

"भेंडी. तुमचीच."

"ही?" त्यानं एकदा चकत्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग एकदम म्हणाला, "हां हां, भेंडीच की. खोबरं घातल्यालं दिसतंय. चांगलंच असणार." आणि अर्धा चहा तसाच टाकून उठून गेला.

मला वाटलं, चोर सापडला. नाहीतर एवढा बडबड्या माणूस असा गप्प कशाला होईल? ती रात्र मी कुमुदकडे पाठ करून झोपलो. तिनं कारण विचारलं, मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. बुधवार होता. सकाळी दहाला कारखान्याची वीज गेली ती येईना. साडेदहाला साहेबांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. लोक गेटपाशी गप्पा मारत रेंगाळले. लोंढे त्यांच्यात होता हे मी बघून घेतलं आणि झपाझप घरी निघालो. मला त्याच्या आधी पोचायचं होतं. पोचून काय करायचं होतं ते माझं मलाही माहीत नव्हतं. पण मागच्या दारानं जायचं, हे ठरवलेलं होतं.

बोळात शिरलो आणि वास आला. लसणीचा. ठेचलेली लसूण तेलात लाल होते तेव्हा येतो तो. लोंढ्याच्या दाराला कुलूप होतं. वास आमच्या घरातून येत होता.

कुमुद जमिनीवर मांडी घालून जेवत होती. पुढ्यात ताट, ताटात ज्वारीची भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि भेंडी. लांब चिरलेली भेंडी, काळपट, खरपूस, कोरडी. एका हातानं तिनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला, त्यात भेंडी घेतली, तोंडात घातली आणि डोळे मिटून चावायला लागली. पदर खांद्यावरून घसरला होता, हनुवटीला तेल लागलं होतं. सहा महिन्यांत मी तिला असं जेवताना बघितलं नव्हतं. माझ्यासमोर ती चिमणीसारखे दाणे टिपायची. मला वाटायचं, हिची भूकच कमी.

माझी सावली पडली तशी ती दचकून उभी राहिली.

"अहो! लवकर आलात?"

मी आत शिरलो. शेगडीपाशी दोन भांडी होती. एक पितळी पातेलं, त्यात सकाळी माझा डबा भरून उरलेल्या चकत्या. दुसरी लोखंडी कढई, ती मी घरात कधी पाहिलीच नव्हती. तिच्या शेजारी लोंढ्याचा कडीचा डबा, तोंडापर्यंत भरलेला.

मी डब्यात बोटं घातली आणि दोन भेंड्या उचलून तोंडात टाकल्या.

काय सांगू? आज चाळीस वर्षं होऊन गेली. भेंडी दाताखाली कुरकुरली आणि मग आतून मऊ निघाली. लसूण होती, दाण्याचं भरड कूट होतं, त्यांच्याकडचं ते काळं तिखट होतं, आणि मीठ असं की आणखी एक चिमूट पडलं असतं तर बिघडलं असतं. तारेचा मागमूस नव्हता. माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा कुमुद माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा उजळला होता. ती वाट बघत होती.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझी. म्हणजे, मी मला करते. तुम्ही कामावर गेलात की." ती घाईघाईनं बोलायला लागली. "सगळ्या भेंड्या आधी धुऊन पंच्यानं एकेक पुसून घ्यायच्या, मग चिरून सुपात घालून उन्हात ठेवायच्या, झाकण अजिबात ठेवायचं नाही, आणि मीठ अगदी शेवटी. आमच्याकडे अशी करतात. मला एकटीला जात नाही, म्हणून लोंढेभावजींना त्यातली देते. भेंडी त्यांची आहे ना."

"आणि मला ती गोडमिट्ट?"

"तुमच्या आईंनी लग्नानंतर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मुकुंदाला लसूण सोसत नाही, घरात वाससुद्धा नको. म्हणून मी उदबत्ती..." ती थांबली. "तुम्ही पण तिथेच होतात. काही बोलला नाहीत."

खरं होतं. मी तिथेच होतो. लसूण आईला सोसत नव्हती. मला सोसते की नाही हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. हे एवढं वाक्य मी त्या क्षणी बोललो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. 'वाढ मला' एवढे दोन शब्दसुद्धा पुरले असते. पण माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. म्हणजे इतके दिवस लोंढे हे खात होता. इतके दिवस माझ्या बायकोच्या हातचं खरं जेवण तो जेवला आणि मी आईच्या पत्रांची नक्कल खात बसलो. त्याचा आहाहा खरा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी डबा उचलला आणि मोरीत उपडा केला. मग कढई उचलली आणि तीही उपडी केली.

कुमुद ओरडली नाही. तिनं फक्त एक हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

तेवढ्यात मागच्या दारात चपला वाजल्या. "काय वहिनी, आज लवकरच सुट्टी झाली! कोरड्यास तयार हाय का न्हाई?" लोंढे हसत हसत दारात आला आणि मला बघून थबकला. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या भेंड्या होत्या.

"काही तयार नाही," मी म्हणालो. "आणि आजपासून इथून काही मिळणार नाही. तुमच्या भेंड्याही आणायच्या नाहीत."

लोंढ्यानं कुमुदकडे पाहिलं, मग मोरीकडे पाहिलं. सगळी भेंडी तिथं पसरलेली दिसत होती. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी भांडणाच्या तयारीनंच उभा होतो.

"साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमी चाखली तरी का?"

कुमुद माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडात अजून लसणीची चव होती, दाताच्या फटीत दाण्याचा कण होता.

"नाही," मी म्हणालो. "असलं घाटावरचं मला आवडत नाही."

लोंढे वळला. जाताना त्यानं फडक्यातल्या भेंड्या उंबऱ्याशी ठेवल्या, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत उचलून घेऊन गेला. महिन्याभरानं त्याची बायको बाळाला घेऊन आली. वर्षभरात त्यांनी घर बदललं. आमची गाठ पडली की तो नमस्कार करायचा, मी करायचो, पण पुन्हा त्यानं मला पाध्येसाहेब म्हणून हाक मारली नाही.

कुमुदनं मोरी धुतली. कढई घासली, पुसली आणि कुठेतरी ठेवून दिली. तिच्या ताटातली अर्धी भाकरी तिनं गाईला घातली. मी पुढच्या खोलीत बसून ती रडते का याचा अंदाज घेत होतो. रडण्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं ती बाहेर आली.

"तुम्हाला आवडत नाही ना?" तिनं शांतपणे विचारलं.

तिनं मला दुसरी संधी दिली होती, हे आता कळतं. मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो, "सांगितलं ना एकदा."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात बाजारातून भेंडी आणून तिनं भाजी केली. पातळ चकत्या, आमसूल फोडणीवर लगेच, गूळ बेताचा, वर ओलं खोबरं. मी पहिला घास घेतला आणि थक्क झालो. आईची, अगदी आईची. "जमली?" तिनं विचारलं. "जमली," मी म्हणालो. त्या दिवसापासून एकदाही बिघडली नाही. आई गेली तरी आईची भेंडी माझ्या पानात येत राहिली. पाहुणे नावाजायचे, मी मान डोलवायचो आणि जिभेनं दुसरंच काहीतरी शोधत असायचो.

ती एकदा भावाच्या लग्नासाठी बार्शीला गेली होती, तेव्हा मी गुपचूप करून बघायचं ठरवलं. पावशेर भेंडी आणली, चिरली, आणि चिरून झाल्यावर धुतली. कढईत जे झालं ते पाकिटं चिकटवायला चाललं असतं. ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून लांबच्या कचरापेटीत टाकून आलो, म्हणजे शेजारच्यांकडून तिला कळायला नको. पुढे दोन-तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला. "घाटावर भेंडी कशी करतात गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारायचो. "विसरले," एवढंच ती म्हणायची. मला ते खरं वाटलं. इतकी वर्षं केलीच नाही, विसरणारच, असं मी धरून चाललो. त्यात मला अपराधी वाटायचं आणि थोडं बरंही वाटायचं. मला नाही, तर आता कुणालाच नाही.

गेल्या वर्षी आम्ही आमच्या लेकीकडे, वृंदाकडे, ठाण्याला राहायला गेलो होतो. रविवारी सगळे जेवायला एकत्र बसलो. वृंदानं झाकलेली कढई आणून टेबलावर कुमुदच्या हाताशी ठेवली आणि झाकण काढलं. वास आला आणि मी खुर्चीत ताठ झालो.

"आहाहा!" जावई म्हणाला. प्रसन्न त्याचं नाव, माणूस सज्जन आहे. पण त्या क्षणी मला तो बघवेना. "आईंच्या हातची भेंडी म्हणजे काय विचारता! मी तर लग्नाआधी ह्या भेंडीवरच भाळलो, बाबा."

"ही कधीपासून करते ती?" मी वृंदाला विचारलं.

"कधीपासून काय, नेहमीच करते. लहानपणापासून खातोय आम्ही." ती हसत हसत वाढत होती. "तुम्ही पहिल्या शिफ्टला गेलात की आमची हीच भाजी असायची, माझी आणि दादाची. तुम्ही यायच्या आत खिडक्या उघडायच्या आणि उदबत्ती लावायची, हे माझं काम. तुम्हाला आवडत नाही ना ही? आईनं तुमची वेगळी करून ठेवलीय. खोबरं घातलेली."

तिनं माझ्यापुढे वाटी ठेवली. पातळ चकत्या होत्या. आमसूल होतं, वर पांढरंशुभ्र खोबरं होतं.

मी कुमुदकडे पाहिलं. ती नातवाला भरवत होती. म्हणजे ती विसरली नव्हती. माझ्याच घरात, माझ्याच कढईत ती वर्षानुवर्षं ही भेंडी करत होती. मुलांनी खाल्ली, जावयानं खाल्ली, त्या नातवाच्या हनुवटीलासुद्धा तेल लागलं होतं. मला लोंढ्याचा जेवढा हेवा वाटला नव्हता तेवढा त्या चार वर्षांच्या पोराचा वाटला. मी पंचाहत्तरीचा माणूस, पण सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले.

"मला वाढ थोडी," मी म्हणालो.

वृंदा थांबली. "बाबा, लसूण आहे हं तिच्यात. भरपूर."

"असू दे. मला आवडते." आणि मग मी कुमुदकडे बघून म्हणालो, "तेव्हाही आवडली होती."

टेबलावर कुणाला काही कळलं नाही. कुमुदला कळलं. तिनं नातवाचं तोंड पुसलं, पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिनं खूप वेळ पाहिलं.

"संपली," कुमुद म्हणाली, आणि कढईत उरलेली सगळी भेंडी तिनं जावयाच्या पानात वाढली.